सोमवारी भांडू

सर, तुमच्या शेवटच्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. ‘कॉन्व्हेंट, ते कलम परत घातलंस. सोमवारी भांडू.’ एवढाच होता. मी वाचला, हसले आणि ठरवलं, उत्तर समोरासमोर द्यायचं. लिहून दिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, लिहिण्यात वाघीण आणि बोलण्यात शेळी.

त्याच दिवशी दुपारी तुमच्या नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या म्हणाले, “सर, मी कलम काढणार नाही.” पलीकडे कंडक्टर होते. सांगलीहून पुण्याला निघालेली तुमची गाडी कराडच्या स्टँडवर थांबली होती. सगळे चहाला उतरले, तुम्ही उतरला नाहीत. त्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. तुमच्या फोनला कुलूप नव्हतं. मी किती वेळा सांगितलं होतं, फोनला कुलूप लावा. लावलं असतं तर तो फोन मला आला नसता. सगळ्यात वरचं नाव माझं होतं म्हणून मला आला, आणि मग तुमच्या घरी मला कळवावं लागलं. जेवणाची ऑर्डर फोनवर द्यायची वेळ आली तर मी दुसऱ्याच्या हातात फोन देते, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या भावाला, तात्यांना, मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. ते एवढंच म्हणाले, “तुमी कोन बोलताय?” मी म्हणाले, “मी सरांच्या ऑफिसमधली. साताऱ्याची.”

आपल्या समुद्र-संशोधन संस्थेत आले त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला गावच विचारलं होतं. मी इंग्रजीत ओळख करून देत होते, तुम्ही मध्येच थांबवलंत. “ते राहू दे. गाव कुठलं?” सातारा म्हटल्यावर तुम्ही खुर्ची मागे सारून मला नीट बघितलंत. वडील फौजेत, त्यामुळे शाळा कॅन्टोन्मेंटातल्या, इंग्रजी माध्यमाच्या, असं मी सांगितलं. “आपल्याकडची फौजी माणसं इंग्रजी बोलत्यात ती फक्त रागावल्यावर,” तुम्ही म्हणालात. “तू कवा रागावतीस?” त्या दिवसापासून मी ‘कॉन्व्हेंट’.

आपली वाटणी आपोआप झाली. लिहायची मी, बोलायचे तुम्ही. तुमचं इंग्रजी मोडकं होतं आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नसे. बैठकीत अडलात की सांगलीच्या बोलीत एक वाक्य टाकायचात आणि माझ्याकडे बघायचात. मी कागदाकडे बघत ते हळू आवाजात इंग्रजीत सांगायचे. लोक हसायचे. मला ते आवडायचं. तुमच्या आवाजाआड मला बसता येत होतं.

तुमचं स्टेशन म्हणजे समुद्रात उभा असलेला एक दोर. प्रत्येक मसुद्यात लिहायचे तसं हे मी इथेही लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला ‘स्टेशन’ म्हटल्यावर इमारत दिसेल. बंगालच्या उपसागराच्या तळाला लोखंडाचं जड ओझं; तुम्ही त्यासाठी रेल्वेच्या भंगारातली चाकं वापरायचात. त्या चाकांना बांधलेला उभा दोर, दोराला ठिकठिकाणी उपकरणं, आणि दोर ताठ राहावा म्हणून वर पाण्याखालीच तरंगणारे गोळे. बाहेरून काहीही दिसत नाही. जहाज वर्षातून एकदा त्या जागी जातं आणि पाण्यात एक ठरावीक आवाज सोडतं. तो आवाज ऐकून तळाजवळची कडी उघडते, चाक खालीच राहतं आणि बाकी सगळं वर येतं. नोंदी काढून घ्यायच्या, बॅटऱ्या बदलायच्या, नवं चाक बांधून पुन्हा सोडायचं. खोल पाणी किती गरम होतंय, किती सरकतंय, वरून किती गाळ खाली पडतोय, हे असं वर्षानुवर्षं बघत राहायचं.

“वर्षभर बघितलं तर वर्ष दिसतं,” तुम्ही म्हणायचात. “समुद्र दिसायला मानसाचं आख्खं वय जातंय.” म्हणून तुमचा आराखडा तीस वर्षांचा. त्यातली पहिली दहा वर्षं हाती काहीच लागणार नाही, हे तुम्ही स्वतःच बैठकीत सांगून टाकायचात, आणि मी टेबलाखाली माझीच बोटं दाबून धरायचे. ज्यांच्याकडून जहाजाचे दिवस मागायचे त्यांना असं कोण सांगतं?

एकदा मी विचारलं होतं, अरबी समुद्र आपल्याला जवळ, मग स्टेशन तिकडे का? तुम्ही म्हणालात, “महाबळेश्वरात उभं राह्यलं तर पश्चिमेचा समुद्र जवळ. तरी आपली कृष्णा पाठ फिरवून पूर्वेला निघती. मग मी कुठं जानार?” मी म्हणाले, कृष्णेचं पाणी आता पावसाळा सोडला तर समुद्राला फारसं पोचतच नाही, वाटेत धरणं आहेत. “व्हय,” तुम्ही म्हणालात, “तिचा गाळ कवा येतोय ते बघत बसलोय.” तुम्ही थट्टा करत होतात की नाही, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आणि ते कलम.

आराखडा दरवर्षी सुधारून मंजुरीला जायचा, आणि त्याच्या प्रत्येक मसुद्यात मी शेवटी एक पान घालायचे: स्टेशन बंद करायची किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली तर काय करावं. तुम्ही ते काढून टाकायचात. मी परत घालायचे. “हिथं सनई लावून बसलोय,” तुम्ही म्हणायचात, “आणि तू मागं तिरडीचे बांबू मोजतीयास.” मी म्हणायचे, सर, तीस वर्षांचं काम आहे, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे असाल? “माझं वय काढू नगस.” मी म्हणायचे, तुम्ही नसाल तर कोणी बघायचं हे लिहिलं नाही, तर ते दुसरे लोक ठरवतील. तुम्ही म्हणायचात, “दार काढून ठेवलं की मानूस त्यातनं जातोच. दारच नगं.”

दोघंही आपापल्या जागी हटून होतो. मला तुमच्याशी भांडता येत होतं. असं भांडता येईल असं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. घरी मी ऐकून घेते, बाहेर मी गप्प असते. तुमच्या खोलीत मात्र माझा आवाज चढायचा आणि तुम्ही खूश व्हायचात. “बघ, रागावलीस. आता इंग्रजी बोल.”

मागच्या सुट्टीत मी साताऱ्याला होते तेव्हा तुम्ही मला तुमच्या गावी, हरिपूरला, बोलावलंत. सांगलीतून रिक्षानं गेलो. रस्त्याच्या कडेच्या गोदामांतून हळदीचा वास येत होता आणि तुम्ही रिक्षातून बाहेर वाकून एकेक गोदाम बघत होतात. घरामागच्या मोकळ्या जमिनीवर तुम्ही पाय आपटून दाखवलात. “हितं. आन् हितं. आन् त्या बाभळीखाली.” तिथे तुमच्या घरची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले खड्डे, तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाला अंथरून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड नाही, काही नाही. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन.

“आता कळलं मला समुद्राचा नाद कुठनं लागला?” तुम्ही म्हणालात. “न दिसनाऱ्या मालावर आमच्या घरानं पोट भरलंय.”

तुमचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. पेव उघडायची रीत त्यांनी सांगितली. तोंड फोडून लगेच उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस जागच्या जागी जातो. वाट बघायची, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर तोंड उघडं ठेवून पुन्हा थांबायचं. “घाई केल्याली मानसं आत ऱ्हायली,” ते म्हणाले.

परतताना तुम्ही महापुराचं सांगितलंत. पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी आबांना सांगितलं, पेवं उघडा, निघेल तेवढा माल काढा. आबा म्हणाले, वेळेआधी उघडलं की माल गेला; आजवर गावात किती पूर आले, पेवाला धक्का लागला नाही. त्या पुराचं पाणी पेवांत शिरलं. नंतर तोंडं उघडली तेव्हा वास सगळ्या गल्लीत होता. त्यानंतर तुमच्या घरी पेव भरलं गेलं नाही.

मी म्हणाले, “म्हणजे उघडायचं कधी, हे आधी ठरवून ठेवायला हवं होतं.” मला वाटलं, आता तरी तुम्हाला माझं कलम पटेल. तुम्ही म्हणालात, “आबा चुकलं न्हाईत. पानी चुकलं.”

मी विषय बदलून परतीच्या गाडीची वेळ विचारली. बोलायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं होतं की संस्थेत काही दिवस तरी सगळं थांबेल. दहाव्याच्या दोन दिवस आधी मेल आला. भाषा फार चांगली होती, आधी शोक, मग काम. स्टेशन चालवणारी व्यक्ती राहिलेली नाही, पुढच्या व्यवस्थेबद्दल आराखड्यात काही तरतूद नाही, जहाजाचे दिवस थोडे आहेत. तेव्हा येत्या फेरीत सगळी उपकरणं वर काढून स्टेशन बंद करावं असा विचार आहे. सोमवारी बैठक. तो मेल मी साताऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. सर, खरं ठरण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दहाव्याला मी हरिपूरच्या घाटावर आले. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात. पाणी गढूळ आणि संथ होतं. तुमची मुलगी तिच्या आईला, काकींना, धरून पायरीवर बसली होती, आबा जरा बाजूला. तात्यांनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. उंबरावर कावळे होते. एकही खाली येईना.

मग तुमच्या माणसांनी तुम्हाला शब्द द्यायला सुरुवात केली. तात्या हात जोडून म्हणाले, “अन्ना, पोरीचं शिक्षान माझ्याकडं. काळजी करू नगंस.” कावळा हलला नाही. “आबाला मी बघतो. वहिनीला काय कमी पडू देनार न्हाई.” नाही. कोणीतरी म्हणालं, घराची वाटणी करणार नाही म्हणा. तात्या तेही म्हणाले. ऊन चढत होतं. मागून एक बाई म्हणाली, “त्येचा जीव समुद्रात आडकलाय.” आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तात्या माझ्याजवळ आले. “मॅडम, तुमी काय तर बोला. तुमचं ते जे काय हाय, ते चालू ठेवतो म्हना.”

माझ्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये तो मेल. मी हळूच म्हणाले, “सर...”

“जरा मोठ्यानं,” तात्या म्हणाले. “त्येला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.”

जहाजाच्या इंजिनानं तुमचा तो कान गेला होता. मला हसू आलं, आणि हसूमुळे घसा मोकळा झाला. मी म्हणाले, “सर, सोमवारी बैठक आहे. ते स्टेशन बंद करणार आहेत. मी बोलणार आहे. चालू राहील असं मी सांगत नाही.”

मग ती मागची बाई म्हणाली, “आगं, आसं म्हनत्यात व्हय? हो म्हन की.”

“पण ते खरं नाही,” मी म्हणाले.

“खऱ्याचं काय घिऊन बसलीस. गेलेल्याला हो म्हनायचं आसतंय.”

तात्याही समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, हितं समदीच बोलत्यात. मीबी वाटनीचं बोललोच की.” दोघेतिघे खाली मान घालून हसले.

काकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासाठी मी हो म्हणायला हवं होतं, कदाचित. एक शब्द होता. सर, मी आयुष्यात कितीतरी ठिकाणी गप्प बसून हो म्हटलं आहे. तुम्हाला मात्र मला तसं म्हणता आलं नाही. तुमच्याशी मी भांडले होते ते फक्त खरं बोलून.

आबा जागेवरूनच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या तिला. ती बोलली ते बोलली.”

कावळा आला नाही. खूप वेळानं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्यानं पिंडाला स्पर्श केला आणि विधी उरकला. लोक पाय धुवायला खाली गेले. माझ्या आजूबाजूची पायरी रिकामी झाली होती. तुमचा राग होता की कावळ्यांची पोटं भरलेली होती, मला माहीत नाही. तुमच्या घरच्यांना ते माझ्यामुळे झालं असं वाटत असेल, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

निघताना आबांनी मला जवळ बोलावलं. “त्येनं खाली ठेवलंय ते शाबूत आसंल का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “वर काढल्याशिवाय कळत नाही, आबा.”

“आमचंबी तसंच हुतं,” ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “काढताना घाई करू नगस.”

सोमवारी मी बोलले. तुम्ही बसायचात त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं होतं, म्हणून मी माझ्याच जागेवरून बोलले. इंग्रजीत सुरुवात केली. चांगलं, व्याकरणशुद्ध इंग्रजी, आणि दुसऱ्या वाक्याला आवाज गेला. पाणी प्यायले. मग मी ते पान वाचलं, तुम्ही काढून टाकलेलं. स्टेशन एका बैठकीत बंद करू नये. आणखी एक वर्ष चालवून दुसऱ्या कोणाला हाती घेता येतं का ते बघावं. बंद केलंच, तर जागा आणि पद्धत अशी लिहून ठेवावी की पुढे कोणालाही तिथूनच पुन्हा सुरुवात करता येईल.

अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “पण हे मंजूर आराखड्यात नाही.”

“नाही,” मी म्हणाले. “सरांनी काढलं. मी घातलं होतं.”

“त्यांनी का काढलं?”

तुमची बाजू मला कधीच पटली नव्हती, तरी ती मला मांडावी लागली. मी म्हणाले, त्यांना वाटायचं, बंद करायची वाट लिहून ठेवली की लोक ती वापरतात. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी तिथे थांबायला हवं होतं, पण मला राग आला होता. मी म्हणाले, “पहिल्या दहा वर्षांत काहीच कळणार नाही असं सरांनी याच टेबलाशी सांगितलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.” माझा आवाज चढला होता. तुमच्या खोलीबाहेर तो पहिल्यांदाच चढला.

स्टेशन बंद झालं, सर. एक वर्षही मिळालं नाही. जहाजाचे दिवस दुसऱ्या कामाला गेले आहेत. जागा आणि पद्धत लिहून ठेवायचं तेवढं मान्य झालं. ते पान आता मंजूर कागदांत आहे. पुढेमागे कोणी तिथे परत जाईल की नाही, कोण जाणे. मधली वर्षं मात्र कोणाला मिळणार नाहीत. न बघितलेला समुद्र मागाहून बघता येत नाही, हे तुमचंच वाक्य.

भांडण तसंच राहिलं. कलम असतं तर स्टेशन वाचलं असतं असं मला वाटतं. कलम असतं तर ते आधीच कधीतरी वापरून मोकळे झाले असते, असं तुम्ही म्हणाला असता. दोन्हीपैकी काय खरं, ते आता तपासता येणार नाही. मी तुमचा मेसेज अजून तसाच ठेवला आहे. खाली उत्तराची जागा रिकामी आहे.

एक सांगायचं राहिलं होतं, ते तुम्ही असताना मी कधीच सांगितलं नसतं. तुम्ही बैठकीत अडायचात ते खरं अडणं नसायचं. माझ्या शेजारी बसून तुम्ही अडायचात, म्हणजे मला एक वाक्य तरी बोलावं लागेल. हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. मी कळू दिलं नाही. तुम्ही तसंच अडत राहावं, एवढंच मला हवं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आत जहाज निघेल. मी जाणार आहे. आवाज द्यायचं यंत्र तुम्ही कोणाच्या हातात देत नव्हतात, आता ते माझ्याकडे आहे. कडी उघडेल, सगळं वर यायला वेळ लागेल, आणि तोवर कठड्याशी उभं राहून नुसतं पाण्याकडे बघावं लागेल. मी घाई करणार नाही. जे येईल ते, चांगलं असो की कुजलेलं, उतरवून घेईन, आणि आधी हरिपूरला येऊन आबांना सांगेन.

या वेळी नवं चाक बांधायचं नाही. जुनं तिथेच राहील.